नाव नसलेल्या फायली

ताईच्या दवाखान्यात दोनच खोल्या. खाली औषधांचं दुकान, वर ती. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि पाण्याचं पिंप, आतल्या खोलीत भिंतींना जाड फोम चिकटवलेला, मधे टेबल आणि टेबलावर माईक. ताई वाचा-उपचार करायची. तोतरी मुलं, पक्षाघाताचा झटका येऊन बोलणं गेलेले म्हातारे, असे सगळे तिच्याकडे येत. पण अठरा वर्षं तिनं आणखी एक काम मनापासून केलं होतं. घशाच्या आजारामुळे ज्यांची स्वरपेटी काढायची असे, त्यांना ती शस्त्रक्रियेच्या आधी बोलावून घ्यायची आणि त्यांचा आवाज नोंदवून ठेवायची. आधी एक ते वीस आकडे. मग एक ठरलेला परिच्छेद वाचायचा. मग शेवटची पाच मिनिटं ज्याची त्याची. त्या वेळी ताई खोलीबाहेर जाऊन बसे.

असे दोनशे एकतीस आवाज तिच्याकडे होते. ते सगळे एका बाहेरून जोडायच्या डिस्कवर, आणि ती डिस्क कपाटात, टॉवेलात गुंडाळलेली. कुणाच्या घरून मागणी आली की ताई पेनड्राइव्हवर काढून द्यायची. माणसं दोन-दोन तास प्रवास करून यायची आणि बऱ्याचदा तो पेनड्राइव्ह घरी जाऊन उघडायचाच नाही.

म्हणून तिनं धाकट्या भावाला सांगितलं. घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत. सातव्या वर्षी त्यानं घरातला रेडिओ उघडला होता आणि जोडून झाल्यावर तीन स्क्रू उरले होते, तेव्हापासूनचं ते नाव. आता तो पंचेचाळिशीचा होता, एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करायचा आणि जोडून झाल्यावर स्क्रू अजूनही उरायचे, असं त्याची बायको म्हणायची.

खटपट्यानं उपाय लगेच सांगितला. कुठल्या कंपनीकडे काही ठेवायला नको, आपलंच मशीन, आपल्याच फायली. एक छोटा फुकट प्रोग्रॅम मशीनवर बसवायचा, की त्या फायली घरबसल्या ब्राउझरमधून दिसतात. मोठं कपाट आहे असं समज, त्यात दोनशे एकतीस खण, आणि प्रत्येकाला आपापल्या खणाचीच किल्ली. ताईनं एवढंच विचारलं की दुसऱ्याचा खण कुणाला उघडता येणार नाही ना. तो म्हणाला, प्रश्नच नाही.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद होता. त्यानं प्रयोगशाळेतून मोडीत निघालेलं एक मशीन आणलं आणि फोमच्या खोलीत टेबलाखाली ठेवलं. प्रोग्रॅम बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर पांढरी स्वच्छ चौकट आली, नाव विचारलं, पासवर्ड विचारला. असे प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना एक ठरलेलं नाव आणि एक ठरलेला पासवर्ड घेऊन येतात, दोन्हीकडे एकच शब्द, आणि आत गेल्यावर तो पहिल्यांदा बदलायचा असतो. कॉलेजात तो पोरांना हेच घसा कोरडा करून सांगायचा. त्या दिवशी त्यानं मनाशी म्हटलं, आधी सगळं चालतंय का बघू, मग बदलू.

मग त्यानं आवाज हलवले. कपाटातली डिस्क चालताना टिकटिक वाजत होती, तिचा भरवसा राहिला नव्हता. सगळे फोल्डर मशीनवर आले, मोजून दोनशे एकतीस. ताईनं त्यातले चार-पाच ऐकून पाहिले. मग त्यानं ती जुनी डिस्क पुसायला लावली. वरवर नाही, कोपरान् कोपरा शून्यं लिहून, म्हणजे तिच्यातल्या खराब जागा कळतील आणि चांगली निघाली तर त्याच आवाजांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवता येईल. ती प्रत संध्याकाळी घ्यायची होती. तोवर बाहेरून उघडतंय का ते बघावं म्हणून त्यानं राऊटरमध्ये जाऊन बाहेरच्या जगासाठी एक दार उघडलं, स्वतःच्या फोनवर पत्ता टाकला, आणि फोनवर तीच पांढरी चौकट उमटली. तो इतका खूश झाला की दोघं खाली कोपऱ्यावर चहा प्यायला गेली.

परत येऊन ताई खुर्चीत बसली. खटपट्या तिला दाखवू लागला, हे बघ, इथे फोल्डर, इथे दाबलं की ऐकू येतं, इथून उतरवून घेता येतं. पडद्यावर यादी होती. त्यानं ती वर-खाली केली आणि थांबला.

“खाली एकशे सव्वीस लिहिलंय,” ताई म्हणाली. “बाकीचे दुसऱ्या पानावर आहेत का?”

दुसरं पान नव्हतंच. त्याला वाटलं पान नीट उघडलं नाही, म्हणून पुन्हा उघडलं. आता एकशे चार. पुन्हा उघडलं. एक्क्याऐंशी. ताई त्याच्याकडे बघत होती, तो माऊसकडे बघत होता. आपल्याच हातून काही दाबलं गेलं असेल म्हणून त्यानं माऊस सोडला, दोन्ही हात वर केले आणि तसाच बसला. त्याच्या डोळ्यांदेखत यादी आणखी आखूड झाली. आणि यादीच्या तळाशी एक नवा फोल्डर आला, अनोळखी लिपीतल्या नावाचा. त्यात एकामागून एक मोठ्या फायली येऊन पडत होत्या. सिनेमे होते ते.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. आत कुणीतरी होतं. कुठल्या गावचं, कुठल्या देशाचं, कोण जाणे. दार उघडं दिसलं, ठरलेला शब्द टाकला, चाललं. त्याला ताईच्या आवाजांशी काही घेणं-देणं नव्हतं, ते काय आहेत हेही त्यानं पाहिलं नसेल. त्याला जागा हवी होती. मशीनमधली डिस्क लहान होती, म्हणून तो आधी होतं ते काढून टाकत होता आणि स्वतःचं सामान आत भरत होता.

खटपट्या टेबलाखाली घुसला आणि केबल उपटली. मग वीजही. डोकं टेबलाला आपटलं ते त्याला दुसऱ्या दिवशी टेंगूळ हाताला लागल्यावर कळलं.

खोलीत फोममुळे एरवीही शांतताच असे. आता मशीनचा पंखाही थांबला होता. तो जमिनीवरच बसून राहिला. ताईनं विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं, सगळं, पासवर्डाचंही. जुनी डिस्क, असं तिनं अर्धंच म्हटलं, आणि दोघांचंही लक्ष कपाटाजवळच्या डिस्ककडे गेलं. तिच्यावरचा दिवा हिरवा झाला होता. पुसून झाली होती.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो पुढे बायकोला म्हणाला. ती पिंपापाशी गेली, ग्लास भरला, आणि न पिता तसाच हातात धरून उभी राहिली.

“यातले पासष्ट जण आता हयात नाहीत,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी त्यानं प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन केला. त्या त्याच्या साहेब, पण वयानं लहान, आणि कामात वाघीण. त्यांनी पहिलं विचारलं की मशीन पुन्हा चालू केलंत का. नाही म्हटल्यावर त्यांचा सुस्कारा फोनवर ऐकू आला. काढून टाकलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही, त्यांनी समजावलं. फक्त तिचं नाव यादीतून जातं आणि जागा मोकळी म्हणून लिहिली जाते. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं नसेल तर आतला ऐवज तसाच असतो. जे त्या सिनेमांखाली गेलं असेल ते मात्र गेलं.

मॅडम स्वतः आल्या. मशीनमधली डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या मशीनला अशी जोडली की तिच्यावर काहीही लिहिलं जाऊ नये, आणि शोधणारा प्रोग्रॅम लावून दिला. तो सोमवारभर चालला. मंगळवारी सकाळी एका फोल्डरमध्ये फायली जमल्या होत्या. नावं नव्हती. शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन, असे नुसते क्रमांक.

बोलणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगायचं नाही हा ताईचाच नियम होता. कुणाच्या हाती पडलं तरी कळू नये म्हणून. नाव फक्त फोल्डरवर असे. आणि फोल्डरच उरले नव्हते.

मग ताईनं सकाळचे रोगी दुपारवर ढकलले, कानाला हेडफोन लावले आणि बसली. खटपट्या शेजारी, पुढ्यात तिची हजेरीची वही. ती फाईल लावायची, डोळे मिटायची, आणि बहुतेक वेळा पाच-सहा आकड्यांतच नाव सांगायची. हा ‘सात’ दातांतून काढतो, तो पोस्टातला. ही ‘दहा’नंतर श्वास घेते, शिवणकाम करणारी. ह्यांना वाटलं मी परीक्षा घेतेय, ऐक, कसे खणखणीत मोजतात, हे मुख्याध्यापक. तो वहीत खूण करी. अठरा वर्षांत एकदाच भेटलेली माणसं ती आकड्यांवरून ओळखत होती. बहीण रोज काय करते हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. मधेच ती हसली. एका हलवायानं विसाच्या पुढेही मोजत नेलं होतं, थेट सत्तरपर्यंत. थांबा म्हणायला मी विसरले होते, ती म्हणाली.

शेवटच्या पाच मिनिटांना मात्र तिनं हात लावला नाही. आकडे ऐकायची आणि फाईल बंद करायची.

गुरुवारी दुपारपर्यंत बहुतेक वही भरत आली. एका फाईलला ताईनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“हा कुणाचाच नाही,” ती म्हणाली. “पुढचा लाव.”

त्यानं क्रमांक लिहून ठेवला, एकशे सत्त्याऐंशी. तेवढ्यात बाहेर कुणी आलं म्हणून ताई उठून गेली. त्याला वाटलं, फाईल तुटकी निघाली असेल, अर्धीमुर्धी मिळालेली. तपासून बघावं. त्यानं हेडफोन लावले.

एक. दोन. तीन.

बाईचा आवाज, सावकाश, नीट. चारपर्यंत काही वाटलं नाही. पाचला तो खुर्चीत सरळ झाला. अकरा म्हणताना ‘क’वर किंचित जोर, जसा त्याला पाढे शिकवताना असायचा. तो आवाज तो जन्मल्यापासून ऐकत होता.

तिनं वीसपर्यंत मोजलं. मग परिच्छेद वाचला. मग खुर्ची सरकली, आणि थोडं थांबून आवाज आला:

“खटपट्या, तू हे ऐकत असशील तर मी तुला सांगितलेलं असेल. सांगितलं नसेल तर आधी माझ्यावर ओरडून घे, मग ऐक.”

त्यानं फाईल थांबवली. बाहेरच्या खोलीतून ताईचा तोच आवाज येत होता, कुणाच्या तरी आईला ती सांगत होती की पोराला घाई करू नका. थोडा खरखरीत होता. गेले दोन महिने होता. धूळ फार झाली आहे, असं तिनं सांगितलं होतं आणि त्यानं तिला लवंग चघळ म्हणून सल्ला दिला होता.

ती परत आली तेव्हा हेडफोन त्याच्या गळ्यात होते. तिनं पडद्यावरचा क्रमांक वाचला आणि समोर बसली.

तिच्या उजव्या स्वरतंतूवर गाठ होती. सात आठवड्यांपूर्वी तपासणीचा निकाल आला होता आणि तो चांगला नव्हता. लवकर सापडलं, सर्जन म्हणाले होते. स्वरपेटी वाचेल अशी आशा होती, पण उघडून बघितल्याशिवाय ते शब्द देणार नव्हते. शस्त्रक्रिया अकरा दिवसांवर आली होती. स्वतःचं नोंदवून तिनं ते फोल्डर ‘माईकची चाचणी’ या नावानं ठेवलं होतं. खटपट्यानं ते शनिवारी हलवलंही होतं, इतर दोनशे तीसांबरोबर, नाव वाचून.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू लगेच काहीतरी जोडायला घेतलं असतंस,” ती म्हणाली. “मला थोडे दिवस नुसतं राहायचं होतं.”

मग तिनं आणखी एक सांगितलं, की त्याच्या बायकोला सगळं ठाऊक आहे. तपासणीला तीच बरोबर आली होती. आपल्याच घरात सात आठवडे दोन बायका हे पोटात ठेवून त्याच्याशी भाजी, वीजबिल, मुलीची परीक्षा बोलत होत्या. त्याला रागही आला आणि रागाची लाजही वाटली. तो उठला, खिडकीपाशी गेला, पुन्हा येऊन बसला. आणि पुढची फाईल लावली, कारण हाताला दुसरं काही येत नव्हतं. एकशे अठ्ठ्याऐंशी. ताईनं डोळे मिटले. बँकेतला शिपाई, ती म्हणाली.

शेवटी दोनशे नऊ आवाज परत मिळाले, ताईचा धरून. बावीस सिनेमांखाली गेले. त्या बावीसांतल्या अकराजणांच्या घरी पूर्वी दिलेले पेनड्राइव्ह सापडले. उरलेल्या अकरांच्या घरी सांगायचं होतं, आणि ते मीच सांगणार, असं खटपट्यानं ठरवलं. ताईनं अडवलं नाही.

फोनवर सात झाले. काही रडले, एकानं शिव्या दिल्या, एका बाईनं शांतपणे म्हटलं की आम्ही कधी ऐकलंच नसतं. तिघं तर उचलेचनात; त्यांना त्यानं पत्रं लिहिली. शेवटचे सुतारकाका. ते जवळच राहायचे, म्हणून तो ताईला घेऊन त्यांच्या कारखान्यात गेला. काका बोलायला गळ्याशी एक यंत्र धरत, दाढी करायच्या यंत्राएवढं. त्यातून एकसुरी गुणगुणता आवाज निघे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वारलेल्या आईनं तिला त्या दिवशी काय सांगितलं असतं ते काकांनी त्या पाच मिनिटांत सांगून ठेवलं होतं, मुलगी लहान असताना. ते तिला द्यायची वेळ आता आली होती.

खटपट्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. चूक माझी, पासवर्ड मी बदलला नाही, तुमचा आवाज गेला आणि आता मिळणार नाही.

काकांनी रंधा बाजूला ठेवला. यंत्राकडे हात नेला आणि उचललं नाही. हातातल्या पेन्सिलीनं समोरच्या फळीवर लिहिलं, “जा.” दोघं निघाली. कारखान्याच्या दारात खटपट्या पुन्हा मागे वळला, ताईनं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

चार दिवसांनी काका दवाखान्याचा जिना चढून आले, मुलीला घेऊन. मुलीनं कुणाकडे बघितलं नाही. काका फोमच्या खोलीत जाऊन माईकसमोर बसले, गळ्याला यंत्र लावलं.

“जे सांगायचं ते डोक्यात आहे,” त्या गुणगुणत्या आवाजात ते म्हणाले. “आवाज हाच आहे आता. घ्या.”

ताईनं विचारलं, आकडे मोजणार का. त्यांनी मोजले, एक ते वीस, सगळे एका पट्टीत. मग ताई, खटपट्या आणि मुलगी बाहेर येऊन बसली. दाराआडून भुंग्यासारखी गुणगुण येत राहिली, पाच मिनिटं, दहा, पंधरा. मुलगी पायातल्या चपलेकडे बघत होती. एकदा आतून गुणगुण थांबली आणि काही वेळ काहीच आलं नाही, तेव्हा ती उठून दाराशी गेली, हात उचलला, आणि दार न वाजवता परत येऊन बसली. जाताना काकांनी खटपट्याकडे बघून मान हलवली. माफ केलं असा त्याचा अर्थ त्यानं लावला नाही. काकांनी तसं कधी म्हटलंही नाही.

खटपट्यानं प्रोग्रॅम पुन्हा बसवला. या वेळी मॅडम शेजारी बसून होत्या आणि प्रत्येक पायरीला, झालं का, म्हणून विचारत होत्या. आधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, त्यातली एक दवाखान्याबाहेर त्यांच्या घरी. मग पासवर्ड. बाहेरचं दार सगळ्यात शेवटी, तेही असं की ओळखीच्या फोनशिवाय चौकटच दिसू नये. हे सगळं एका सकाळीत झालं. त्या शनिवारीही ते एवढ्याच वेळात झालं असतं.

ताईची शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. बाहेर बाकावर खटपट्या आणि त्याची बायको होती. त्यानं तिला सात आठवड्यांबद्दल अजून काही विचारलं नव्हतं; तिथेही विचारलं नाही, फक्त तिनं डब्यातून काढून दिलं ते खाल्लं. सर्जन बाहेर आले. उजवा तंतू बराचसा काढावा लागला, पेटी राहिली. आवाज राहील, पण पूर्वीचा नाही.

तीन आठवडे ताईला बोलायची बंदी होती. ती पाटीवर लिहायची, आणि पाटीवरही हुकूमच सोडायची. बंदी उठली त्या सकाळी ती अंथरुणात उशीला टेकून बसली होती. तिनं तोंड उघडलं, नुसती हवा आली. दुसऱ्यांदा हवेत थोडा घोगरेपणा आला. खटपट्या पलंगाच्या कडेवर बसला होता. कॉलेजातून रजा काढून आला होता आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“एक,” ताई म्हणाली. जाड, फाटका, बाप्यासारखा आवाज. तो तिचा नव्हताच. तिलाही तो पहिल्यांदाच ऐकू येत होता. ती दचकली, डोळे मोठे झाले, हात गळ्याकडे गेला. तिनं आजवर कितीतरी लोकांना या क्षणासाठी तयार केलं होतं.

“दोन,” खटपट्या म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग श्वास घेतला, आणि तीन म्हणाली.